बाझलमधली माझी खोली

माझ्या वडिलांनी मला फसवलं, आणि माझा धाकटा भाऊ केदार याने त्यांना साथ दिली. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात शिकायला जायचं ठरलं होतं ते माझं, राहायची खोली बोलून ठेवली होती ती माझ्यासाठी, आणि गेला तो केदार. हे एकदा सरळ लिहून टाकते, कारण आमच्या घरात ही गोष्ट आजवर कुणी सरळ सांगितलेली नाही. नातेवाइकांत ती ‘मेधाने ऐन वेळी कच खाल्ली’ अशी सांगितली जाते. मी पुठ्ठ्याची खोकी बनवते. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात माझ्या दोन शेड आहेत, आणि त्या मी कुणाच्या मेहेरबानीने उभ्या केलेल्या नाहीत. कच खाल्ली म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन माझ्याशी खोक्याचा भाव करून बघावा.

त्या वेळी आम्ही शारजात, अल नहदाला राहत होतो. टॉवर अजून मोजकेच होते. दोन टॉवरांच्या मध्ये वाळूचे रिकामे प्लॉट, त्यात शुक्रवारी टॅक्सीवाले पठाण क्रिकेट खेळायचे आणि त्यांची आरडाओरड सातव्या मजल्यावर आमच्या बाल्कनीपर्यंत यायची. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे दुबई. घरात दिवसभर विंडो एसीची घरघर असायची, इतकी की लाइट गेली आणि ती थांबली की आई दचकून स्वयंपाकघरातून बाहेर यायची. आजूबाजूच्या मशिदींच्या अजान एकमेकींच्या किंचित मागेपुढे सुरू व्हायच्या, म्हणून एकच वाक्य चारदा ऐकू यायचं. जेवणात पिठलं असलं की खाली बेकरीतून गरम खुबूस, म्हणजे अरबी रोट्या, आणायचे आणि पिठल्याशी खायचे. आई म्हणायची, भाकरीची तहान खुबूसवर भागवतोय. पण मला खरं सांगायचं तर भाकरीपेक्षा तेच आवडायचं. भाजी, मासे, शिवणाचं कापड, काहीही घ्यायचं असलं की आई मला पुढे करायची. मी भाव पाडून होईस्तोवर ती दुसरीकडे बघत उभी राहायची, जणू माझी-तिची ओळख नाही. खालच्या ग्रोसरीतला मलबारी अण्णा मला वकीलसाब म्हणायचा. “वकीलसाब आ गया, आज मेरा दुकान खलास,” असं ओरडून तो आधीच भाव उतरवायचा. बाबांना हे मुळीच आवडत नसे. मुलीचा आवाज दुकानाबाहेर जाऊ नये असं त्यांचं मत होतं. पण माझ्यामुळे वाचलेल्या पैशांबद्दल मात्र त्यांनी कधी तक्रार केली नाही.

बाबा दुबईत एका औषधांच्या कंपनीत अकाउंटंट होते. कंपनी बाझलची. ऑफिसचे मुख्य साहेब स्विस, आणि त्यांची बायको लिस्बेथ. आम्ही तिला लिस्बेथबाई म्हणायचो. उंच, हाडकुळी, नाकावर कायम उन्हाने सोललेली कातडी. मूल नव्हतं. खाडीजवळच्या त्यांच्या फ्लॅटवर एकदा दिवाळीचा फराळ द्यायला आम्ही गेलो. तिथे भिंतीवर एका शहराचा जुना नकाशा होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि इतके प्रश्न विचारले की बाबा डोळ्यांनी मला गप्प करायला लागले. बाईंना मात्र कुणीतरी विचारतंय याचाच आनंद झाला. त्यांनी विचारलं, जर्मन शिकशील का? शुक्रवारी दुपारी येत जा.

घरी आल्यावर तहाची बोलणी सुरू झाली.

“आठवड्यातून एकदाच तर जायचंय,” मी म्हटलं.

“शारजाहून दुबईला एकटी? शक्य नाही,” बाबा म्हणाले.

“एकटी नाही. केदार येईल.”

“आय ॲम नॉट गोइंग,” केदार कॉमिकमधून मान वर न करता म्हणाला.

मी त्याच्याकडे वळले. “तुझ्या बायोलॉजीच्या जर्नलमधल्या आकृत्या मी काढीन.”

“ऑल ऑफ देम?”

“बेडूक, झुरळ, सगळं.”

“अँड लेबलिंग?”

“लेबलिंग तुझं तू कर. त्यात काय हात मोडतो?”

“देन नो.”

“बरं, लेबलिंगसुद्धा. मेल्या.”

“डील,” तो म्हणाला, आणि बाबांना नाही म्हणायला जागा उरली नाही. मी जिंकले असं मला वाटलं. आज धंद्यात मी नव्या पोरांना सांगते की समोरचा फार लवकर हो म्हणाला तर कागद परत वाचा. तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. माझ्यावर पहारा म्हणून मीच माझ्या भावाला त्या घरात नेलं. दोन वर्षं तो माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून बाईंची बिस्किटं खात होता.

त्या दोन वर्षांत मी एका शहरात राहिले, जे मी पाहिलं नव्हतं. बाई व्याकरण थोडं शिकवायच्या आणि गोष्टी फार सांगायच्या. ऱ्हाईन नदी बाझलमध्ये वळते. वळणाच्या एका अंगाला मोठं बाझल, उंचावर, लाल दगडाच्या दोन मनोऱ्यांचं चर्च, त्याच्याजवळ देशातलं सगळ्यात जुनं विद्यापीठ. पलीकडे छोटं बाझल, कामकऱ्यांचं. मोठ्या बाझलने पुलाच्या टोकाला एका राजाचं डोकं बसवलं होतं, ते यंत्राने डोळे फिरवायचं आणि छोट्या बाझलला जीभ काढून दाखवायचं. हे ऐकल्यावर केदार आणि मी बाल्कनीत उभं राहून दुबईकडे जीभ काढायचो. नदी ओलांडायला होड्या होत्या, त्यांना इंजिन नाही, वल्हं नाही. नदीवर आडवी जाड तार, होडी तिला दोराने बांधलेली, नावाडी नुसता होडीचा कोन बदलतो आणि प्रवाहच तिला पलीकडे ढकलतो. आपल्या खाडीवरच्या अब्रा बोटींचा धूर आणि फटफट डोळ्यांसमोर आणून मी विचारायची, आवाजच नाही? बाई म्हणायच्या, फक्त पाण्याचा. उन्हाळ्यात लोक ऑफिस सुटलं की कपडे बांधून घेऊन नदीत उतरतात आणि वाहत वाहत घराजवळ बाहेर पडतात. कित्येक शतकं त्या शहराची घड्याळं आजूबाजूच्या गावांपेक्षा तासभर पुढे होती. का, ते कुणालाच नक्की सांगता येत नाही. पण शहराने हट्टाने तो तास सोडला नाही. मला हे सगळ्यात आवडलं. इथे छापखाने होते, कागदाच्या गिरण्या होत्या, लांबलांबून विद्वान माणसं पुस्तकं छापायला येऊन राहत. मला इतिहास शिकायचा होता. घरात हे सांगितल्यावर बाबा म्हणाले, इतिहास शिकून कुणाचं पोट भरतं? मी म्हटलं, भरीन मी माझं. भरलंच पुढे, पण इतिहास शिकून नव्हे.

आणि त्या शहराचा तो सण. वसंताच्या आधी, एका सोमवारी पहाटे चारला, बाझलमधले सगळे दिवे एकदम विझवतात. मग काळोखात ढोल आणि बासऱ्या सुरू होतात. चित्रं रंगवलेले मोठे कंदील घेऊन मुखवटे घातलेली माणसं गल्ल्यांमधून चालतात. वर्षभरात ज्याने ज्याने मूर्खपणा केला त्याची चित्रं कंदिलांवर असतात. मुखवट्यातला माणूस आवाज बदलून, किरट्या सुरात, समोरच्याला तोंडावर वाटेल ते सुनावतो, आणि ऐकणाऱ्याने रागवायचं नाही, हसायचं, हा नियम. मुखवटा रस्त्यात काढायचा नाही. बाझलचे चार म्हणजे आपल्याकडे सकाळचे सात. दुबईत तेव्हा लख्ख ऊन. पण बाई बधणाऱ्या नव्हत्या. खिडक्यांचे जाड पडदे ओढून, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबून त्या फ्लॅटमध्ये काळोख करायच्या आणि कॅसेटवर ढोल लावायच्या. त्या दिवशी एक सूप खातात. मैदा कोरडा भाजून भाजून चॉकलेटी करायचा आणि पाण्यात शिजवायचा. हे भाजणं बाईंना जमेना, सारखं करपायचं. शेवटी आईने काम अंगावर घेतलं. “तूप न घालता पीठ भाजायचं? आणि मग साखर पण नाही?” आई मला कढईशी उभी राहून विचारायची. “बिचाऱ्या लाडू वळायच्या आधीच थांबतात की गं.” पण तिने भाजलेला मैदा असा एकसारखा खमंग व्हायचा की साहेब म्हणाले, हा माझ्या आईच्या हातचा. आई स्वतः मात्र तिथे कधीच आली नाही. सण सोमवारी आणि तिचा सोमवारचा कडक उपास. शिवाय मुखवट्यांची तिला भीती वाटायची.

पहिल्या वर्षी बाईंनी मला एक लांब नाकाचा मुखवटा दिला. आत सरसाचा आणि जुन्या कागदाचा वास. मी किरट्या आवाजात साहेबांची नक्कल केली, ते प्रत्येक फाइलीवर ‘इन्शाल्ला’ म्हणायला कसे शिकलेत त्याची. साहेबांनी मांडी थोपटली. केदारने बाबांवर केली, ते साहेबांचा फोन आला की घरातसुद्धा उभं राहून बोलतात त्याची. तो अर्धं इंग्रजीत बोलला, म्हणून बाबांना कळलं, आणि त्यांचा चेहरा पडला. तेव्हा लिस्बेथबाईंनी त्यांना समजावलं, मुखवट्याआडून बोलतो तो कुणाचा मुलगा नसतो, त्यातलं काही घरी न्यायचं नसतं. बाबा हसले. पण ते ध्यानात ठेवणारे होते.

मी बारावी होऊन घरी बसले होते. आमच्या ओळखीतल्या सगळ्या मुली बसत तशी. इथला कायदा असा होता की मुलगी लग्नापर्यंत बापाच्या व्हिसावर राहू शकते, मुलगा अठराचा झाला की कठीण. त्यामुळे प्रत्येक घरात मुलगा सोळाचा झाला की बापाची झोप उडायची आणि मुलीबद्दल कुणी घाई करत नसे. अशात बाई एके शुक्रवारी म्हणाल्या, बाझलमध्ये माझ्या बहिणीच्या घरात पोटमाळ्यावर एक खोली आहे, खिडकीतून नदी दिसते. मेधाने तिथे राहावं, वर्षभर भाषा पक्की करावी, मग विद्यापीठ. हमी आम्ही घेतो, कंपनी तिकीट देईल. एक खोली, एक जण. मी घरी येऊन बाबांपुढे उभी राहिले. वाटलं होतं, महिनाभर बोलणी चालतील. बाबा पेपर बाजूला ठेवून म्हणाले, “जा की. तुझ्या कष्टाने मिळवलंस.” आईचे डोळे भरले. तिने त्याच रात्री लोकरीचा विषय काढला, शारजात लोकर कुठे मिळेल म्हणून. पुढचे महिने मी त्या खोलीतच राहत होते. पलंग कुठे, टेबल कुठे, छप्पर उतरतं तिथे डोकं आपटेल का, सगळं बाईंना विचारून झालं होतं. घरात केदारचं काय करायचं याची कुजबुज चालायची. पुण्याचं कॉलेज, की बंगलोर, की काय. मी लक्ष दिलं नाही.

मग तो सोमवार आला. केदारची बोर्डाची परीक्षा तोंडावर होती, तरी बाबांनी त्यालाही उठवलं. कंपनीची गाडी सकाळीच खाली उभी होती. मैद्याचा डबा माझ्या मांडीवर, अजून कोमट. फ्लॅटमध्ये शिरलो तेव्हा पडदे ओढलेले होते. दिवाणखान्याच्या मधोमध कंदील होता, पांढऱ्या चादरीखाली. त्यावर दरवर्षी बाई वेगळं चित्र रंगवायच्या आणि शेवटपर्यंत दाखवायच्या नाहीत. त्यांनी मला मुखवटा बांधला, मागची नाडी आवळली आणि कानात म्हणाल्या, या वर्षीचा कंदील तुझा आहे. मला वाटलं, खोलीचं चित्र असणार.

दिवे विझले. कॅसेट सुरू झाली. ढोल छातीत वाजायला लागले. मग चादर ओढली गेली आणि कंदील पेटला.

मुखवट्याची भोकं बारीक असतात, त्यातून एका वेळी चित्राचा तुकडाच दिसतो. आधी मला तार दिसली, मग होडी. होडीत बॅग घेऊन बसलेला एक मुलगा, डोक्यावर उभे केस, हसरा. तो केदार होता, बाईंचा हात चांगला होता. मग मी मान वळवली आणि काठ दिसला. काठावर एक मुलगी होती. लाल साडी, गळ्यात हार, कपाळावर मुंडावळ्या. बाईंनी त्या नक्की कुठल्यातरी फोटोत पाहून काढल्या असणार, कारण दोन्ही पदर बरोबर होते. मुलगी होडीला हात हलवत होती. नाक माझं होतं.

बाईंनी किरट्या आवाजात जर्मन पद्य म्हटलं. अबुधाबीचा इंजिनिअर मेधाला घेऊन चालला, म्हणून बाझलला बिचारा केदार मिळाला. साहेब हसले. बाबासुद्धा हसले. त्यांना एक शब्द कळत नव्हता, पण चित्र त्यांनी आधी पाहिलेलं असणार, कारण त्यांनी कंदिलाकडे एकदाही बघितलं नाही.

अबुधाबीचा इंजिनिअर कोण, मला माहीत नव्हतं. कुणी मला विचारलं नव्हतं, दाखवलं नव्हतं. मी उभी राहिले. आणि मी जर्मनमध्ये, जितकं स्पष्ट येतं तितकं स्पष्ट, बोलले. “हे खोटं आहे. माझं लग्न ठरलेलं नाही. खोली माझी आहे. माझ्या वडिलांनी मला फसवलं आणि तुम्हालाही फसवलं.” मुखवट्यातून माझा आवाज किरटा आणि घुमल्यासारखा बाहेर आला. रडू दाबलं की तो आणखी वर चढतो.

मग साहेबांनी टाळी वाजवली. “ब्राव्हो!” ते ओरडले. लिस्बेथबाई उड्या मारायच्या बाकी होत्या. इतकं धीट, इतकं तोंडावर, अगदी बाझलच्या माणसासारखं! असं त्या म्हणत होत्या, आणि त्यांना खरोखर अभिमान वाटत होता. मी पुन्हा ओरडले, “नाही, हे खरं आहे!” तर ते आणखी हसले, कारण मुखवटेवाले नेमकं हेच म्हणतात.

बाबा केदारकडे झुकले. “काय म्हणतेय रे?”

केदारने माझ्याकडे पाहिलं. कंदिलाच्या उजेडात मला त्याचा चेहरा दिसत होता. त्याचं जर्मन कच्चं होतं, पण हे चार वाक्यांचं जर्मन होतं, मीच त्याला घोकून घेतलेल्या शब्दांचं. त्याला कळलं होतं. “काही नाही बाबा,” तो म्हणाला. “जोक आहे. सगळ्यांना थँक्स म्हणतेय.” आणि तो पण हसला.

मी मुखवटा उचलायला हात घातला. बाईंनी तो प्रेमाने खाली दाबला. काढायचा नाही, नियम विसरलीस? नाडीची गाठ मागे होती, माझ्याने सुटेना. मी तशीच स्वयंपाकघरात गेले. तिथे पडदा नव्हता, सकाळचं ऊन ओट्यावर आलेलं, पातेल्यात आईच्या मैद्याचं सूप रटरटत होतं. बाई मागून आल्या, त्यांनी गाठ सोडवली आणि माझं तोंड पाहिलं. मी साध्या आवाजात, साध्या तोंडाने, पुन्हा तेच सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी मला जवळ घेतलं. “तुझे वडील म्हणाले होते,” त्या म्हणाल्या. “म्हणाले होते, ती रडेल, नको नको म्हणेल, बाझलचं नाव घेईल. तुमच्याकडे नवरी रडते. जी रडत नाही तिला लोक नावं ठेवतात. मला माहीत आहे, मेधा. मीसुद्धा रडले होते.”

त्यानंतर मी काय बोलायला हवं होतं, ते अजून मला सुचलेलं नाही. लोक म्हणतात, मी दगडाकडून सूट काढीन. बंदरावरच्या कारकुनापासून बँकेतल्या मॅनेजरपर्यंत मी सगळ्यांशी भांडले आहे आणि बहुतेक वेळा हवं ते घेऊन आले आहे. पण भांडायला समोर कुणीतरी नाही म्हणणारा लागतो. त्या बाई मला थोपटत होत्या. मी जितकं जास्त बोलेन तितकी जास्त नवरी दिसत होते. दिवाणखान्यात बोलले तर तो त्यांचा रिवाज, स्वयंपाकघरात बोलले तर तो आमचा. बाबांनी मधली जागाच शिल्लक ठेवली नव्हती.

गाडीत मी विचारलं, “तुम्ही काय सांगितलंत बाईंना?”

“ड्रायव्हरसमोर नको,” बाबा म्हणाले.

“कोण आहे तो अबुधाबीचा?”

“आहे एक स्थळ. बघायला येतील. सांगितलं ना, इथे नको.”

घरी दार लावल्यावर ते बोलले, शांतपणे, जसं ऑफिसात बोलत असतील. “तू माझ्या व्हिसावर राहू शकतेस. तो नाही राहू शकत. खोली एक आहे. तुला कसली घाई आहे?” मी ओरडले. काय ओरडले ते सगळं लिहीत नाही, शेजारचे गुजराती दारात आले एवढं सांगते. आई उपासाचं ताट तसंच ठेवून बाहेर आली. बाबा तिला म्हणाले, “तिनेच सोडलं. ऐन वेळी घाबरली. आता माझ्यावर खापर फोडतेय.” आईने माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. आईला खोटं लगेच कळायचं, तिला विश्वास बसला नव्हता. म्हणून तिने तिसऱ्या माणसाला विचारलं.

“तू होतास ना रे तिथे? काय झालं?”

केदार बुटाची लेस सोडत होता. “ताई स्वतःच बोलली, आई,” तो म्हणाला. “सगळ्यांसमोर. सगळे हसले पण.”

यातला प्रत्येक शब्द खरा आहे. म्हणूनच मला तो गिळता येत नाही. आई खुर्चीत बसली आणि तिचा चेहरा मिटला. तिला वाटलं, मी स्वतःच सगळ्यांसमोर जायला नकार दिला आणि माझी फजिती झाली. “अगं, मला आधी सांगायचंस,” एवढंच ती म्हणाली. मी बोलत राहिले, पण आमच्या घरात मी बोलत राहणं ही नवी गोष्ट नव्हती.

मी गप्प बसले असं नाही. बाईंना फोन केले. त्या गोड बोलायच्या आणि म्हणायच्या, वडिलांशी बोल, मी तुमच्या घरात पडणं बरं नव्हे. माझा पासपोर्ट बाबांच्या पासपोर्टाबरोबर कंपनीच्या तिजोरीत असायचा, तशीच तेव्हा पद्धत होती. उन्हाळ्यात केदार गेला. अबुधाबीचं स्थळ त्यानंतर खरोखरच आलं. मी त्या मुलाला बाहेर बाल्कनीत नेऊन दोन मिनिटांत परत पाठवलं, तो मुकाट्याने गेला. त्याचा यात काही दोष नव्हता. पुढे नोकरी, मग माझा धंदा. ते दुसरीकडे लिहिलं आहे.

आता मी दुबई मरीनात राहते. आई माझ्याकडेच असते. बाबा गेले. शेवटच्या आजारपणात त्यांचं सगळं मी केलं, आणि रोज वाट पाहिली की ते काही बोलतील. ते एसीचं टेम्परेचर कमी कर म्हणाले, वर्तमानपत्र मागितलं, बाकी काही नाही. लिस्बेथबाई कुठे आहेत मला माहीत नाही. मी त्यांना दोष देत नाही, किंवा रोज देत नाही. केदार तिथला नागरिक झाला आहे. औषधांच्या कंपनीतच आहे. दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो, मागे नदी दिसते. मध्ये मी त्याला विचारलं, घड्याळं तासभर पुढे का होती रे? तो म्हणाला, “कसली घड्याळं?” दरवर्षी म्हणतो, “ताई, ये ना एकदा, तुला सगळं दाखवतो.” पैसे आहेत, व्हिसा मिळतो, सरळ विमान आहे. मी गेलेले नाही. त्या शहरात मी पाहुणी म्हणून जाणार नाही.

तो विचारतो, अजून तेच धरून बसलीस? किती लहान होतो आपण, ताई. सतरा वर्षांचा होतो मी. माझ्या जागेवरून बघितलं तर हे पुरत नाही. खोली मी मागत नाही, ती गेली. बाबांनी केलं ते त्यांच्याबरोबर गेलं. पण आई आहे, आणि आई आजही पाहुण्यांना सांगते, मेधा फार हुशार हो, पण ऐन वेळी धीर सुटला तिचा. माझ्याच घरात, मी आणलेल्या सोफ्यावर बसून सांगते, आणि मग माझ्याकडे बघून कौतुकाने म्हणते, असू दे, सगळ्यांना जमतं असं नाही. मी कितीदा सांगितलं. ती मान हलवते. तिचा साक्षीदार मी नाही, तू आहेस.

डिसेंबरात तू येणार आहेस, केदार. बायको-मुलांना घेऊन, दहा दिवसांसाठी. ये. जेवायला बसू तेव्हा आईच्या शेजारची खुर्ची तुझी. मी स्वतःच बोलले, सगळ्यांसमोर बोलले, सगळे हसले, इथवर तू तिला सांगितलंस. आता पुढचं सांग. मी काय बोलले, ते सांग. मराठीत सांग, आणि मोठ्याने सांग, तिला आता कमी ऐकू येतं.